तारेची परीक्षा



विचुंब्याहून नवीन पनवेलला जाताना गाढी नदीच्या पुलाच्या आसपास रस्त्याची कड वर्षातून एकदा तरी उकरलेली दिसते. खड्ड्याशेजारी नारिंगी-निळ्या नळ्यांची वेटोळी पडलेली असतात आणि दोन पोरे छत्रीच्या आडोशाला मांडीवर एक पेटी घेऊन बसलेली असतात. येणारा-जाणारा खड्ड्याच्या नावाने दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो. त्या पेटीत काय चालले आहे हे बहुधा कोणी विचारीत नाही. आज त्या पेटीचाच इतिहास सांगावयाचा आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांना हा विषय कळविला तेव्हा ते जरा विचारात पडले. कामगार चळवळीतल्या माणसाने मे दिनावर बोलावे, फार तर गिरणी संपावर बोलावे, काचेच्या तारांशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. तार टाकणाऱ्याचा इतिहास थोडाफार लिहिला गेला, तार शोधून काढणाऱ्याचा तर भरपूर. परंतु टाकलेली तार धड आहे की नाही हे पाहतो कोण, कशाने पाहतो, आणि त्या पाहण्याच्या जोरावर मजुराच्या पगाराचे काय होते, हा इतिहास कोणी सांगत नाही.

आपल्या देशात तारेचा पहिला प्रयोग ओशॉनेसी नावाच्या एका डॉक्टराने १८३९ साली कलकत्त्यास केला. १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि १८५५ पासून पैसे मोजणाऱ्या कोणालाही तार करता येऊ लागली. त्या काळी तार तुटली म्हणजे ती शोधण्याचा एकच मार्ग होता, तारेखालून चालत जाणे. खांबावर माकडे लोंबकळत, पावसात खांब कलत, कोणी तार कापून नेई. लाइनमन शिडी खांद्यावर टाकून निघे तो तुटलेली जागा सापडेपर्यंत.

समुद्रात मात्र चालत जाता येत नाही. १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत अवाढव्य जहाज मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी तार सोडीत निघाले आणि त्याच वर्षी मुंबईचा लंडनशी समुद्रमार्गे तारेने संबंध जुळला. ही तार मध्येच कोठे खराब झाली तर? येथे व्हीटस्टन नावाच्या शास्त्रज्ञाची युक्ती उपयोगी पडली. (मूळ युक्ती १८३३ मधील आणि ती ख्रिस्ती नावाच्या गृहस्थाची. व्हीटस्टनने १८४३ मध्ये ती पुढे आणली आणि नाव त्याचे झाले. असे आपल्याकडेही पुष्कळदा होते.) तांब्याच्या तारेचा विजेला होणारा विरोध तारेच्या लांबीबरोबर वाढतो. एका मैलाला किती विरोध हे ठाऊक असेल, तर किनाऱ्यावरच्या खोलीत बसून मोजावे, भागाकार करावा आणि बिघाड किती मैलांवर आहे ते सांगावे. मग जहाज नेमके तेथे जाई, आकडा टाकून तार वर ओढी आणि सांधी. बिघाडापाशी न जाता बिघाडाचे अंतर सांगणे ही करामत दीडशे वर्षांची जुनी आहे. पुढे आले ते सारे हिचेच वंशज.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या युक्तीने कामगारांचे दोन वर्ग झाले. एक खोलीत बसून मोजणारा, दुसरा शिडी घेऊन जाणारा. पहिल्याच्या हातात आकडा, दुसऱ्याच्या हातात पक्कड. तेव्हापासून आजवर आकडा ज्याच्या हाती त्याचा शब्द खरा, असा रिवाज पडला आहे.

१९०८ साल म्हटले की टिळकांना झालेली शिक्षा आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप आपल्याला आठवतो, आणि तो आठवावाच. परंतु त्याच वर्षी त्याआधी काही महिने तारखात्यात संप झाला होता हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कलकत्ता, मुंबई, मद्रास, रंगून येथल्या तारमास्तरांनी हात आखडते घेतले. हेन्री बार्टन हे त्यांचे पुढारी. कामाच्या पाळ्या आणि तास बदलण्याच्या सरकारच्या योजनेवरून हा असंतोष पेटला. तारांचे ढीग साचले आणि व्यापारी मंडळी हवालदिल झाली. एका शहरातला माणूस दुसऱ्या शहरातल्या माणसाशी ज्या तारेवरून सरकारचे निरोप पाठवी, तीच तार संपकऱ्यांनाही एकमेकांच्या जवळ आणीत होती. या संपाची हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा दोन रात्री मला झोप आली नव्हती.

टेलिफोन मुंबईत १८८२ च्या जानेवारीत आला. त्याचा सारा इतिहास येथे सांगत नाही. फक्त केबल जॉइंटर या कारागिराविषयी चार शब्द बोलतो, कारण आजच्या पेटीवाल्या पोरांचा तो आजोबा. जुन्या केबलीत शेकडो तांब्याच्या तारा कागदात गुंडाळलेल्या असत आणि वरून शिशाचे कवच असे. सांध्यावर दोन-दोन तारा हाताने पिळावयाच्या, प्रत्येक पिळावर कागदी नळी चढवावयाची, ओल राहू नये म्हणून गरम मेण ओतावयाचे, आणि शेवटी वितळलेले शिसे कापडाने पुसत-पुसत त्यावर गुळगुळीत फुगवटा आणावयाचा. त्या फुगवट्याकडे पाहून हा सांधा कोणाच्या हातचा आहे ते जाणकार सांगत. पावसाळ्यात शिशाला बारीकशी चीर गेली तरी कागद पाणी पिई आणि वस्तीचे टेलिफोन एकदम मुके होत. म्हणून पुढे केबलीत कोरडी हवा दाबाने भरून ठेवण्याची पद्धत आली. दाब उतरू लागला की एक्स्चेंजमधल्या माणसाला कळे, कोठे तरी चीर आहे. गिऱ्हाइकाने तक्रार करण्यापूर्वी तारेनेच आपली तक्रार सांगावी, ही कल्पना तेथे प्रथम नीट अंमलात आली. बाकीची तपासणी एक्स्चेंजमधल्या टेस्ट डेस्कवर बसलेला माणूस एकेक जोडी घेऊन करी. १९५४ साली स्थापन झालेला टपाल व तार कर्मचाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ आणि जुलै १९६० चा केंद्रीय नोकरांचा पाच दिवसांचा संप यांमागे याच टेबलावरची, शिडीवरची आणि खड्ड्यातली माणसे होती.

आता काचेकडे येतो. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखविले. परंतु काच प्रकाश खाई. काही मीटर गेले की अंधार. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि हॉकहॅम यांनी असे मांडले की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. काच पुरेशी शुद्ध केली आणि एका किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत घट आणली, की हा तंतू टेलिफोनच्या कामाचा होईल. डेसिबल या शब्दाला घाबरू नये. हिशेब असा: १० डेसिबल घट म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा उरला, २० म्हणजे शंभरावा, आणि ३ म्हणजे सुमारे निम्मा. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. आज चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच घट होते. म्हणजे तेव्हा एका किलोमीटरवर जेवढा प्रकाश उरे तेवढा आता शंभर किलोमीटरवर उरतो. काव यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली. तोवर तंतू जगभर पुरले गेले होते.

आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंजांच्या दरम्यान पहिला काचतंतू टाकला गेला तो आपल्या महाराष्ट्रात, पुण्यास, १९७९ साली. वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्या गावाने घातली त्याच गावाने हेही पाहिले.

या तंतूची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एक अष्टमांश मिलिमीटर. आणि ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो जेमतेम ९ मायक्रॉन. दोन तंतू सांधावयाचे म्हणजे हे ९ मायक्रॉनचे गाभे समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवावयाचे. पूर्वीच्या जॉइंटरचा सांधा डोळ्यांनी दिसे, हाताला लागे. हा सांधा चांगला की वाईट हे डोळ्याला कळत नाही. मग कळते कसे?

कर्नाळ्याच्या किल्ल्यावर सहलीला गेलेली मुले सुळक्याकडे तोंड करून ओरडतात आणि आवाज परत येतो. किती वेळाने आला यावरून कडा किती लांब ते सांगता येते. १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी हेच काचतंतूत केले. तंतूच्या एका टोकातून प्रकाशाचा अत्यंत आखूड झोत सोडावयाचा. काच कितीही शुद्ध असो, तिच्या कणाकणावरून प्रकाशाचा अगदी सूक्ष्म अंश मागे विखुरला जातो. तो मोजीत राहावयाचे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो; म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत येण्यास त्याला १० मायक्रोसेकंद लागतात. वेळेवरून अंतर कळते आणि परत आलेल्या प्रकाशाच्या बळावरून तोवर किती घट झाली ते कळते. या यंत्राचे नाव लांबलचक आहे. कामावर सगळे त्याला ओटीडीआर म्हणतात. छत्रीखालची पेटी ती हीच.

तिच्या पडद्यावर एक उतरती रेघ दिसते. एकसारखा उतार म्हणजे धड तंतू. छोटी पायरी म्हणजे सांधा. टोकदार उंचवटा म्हणजे कनेक्टर. आणि रेघ एकदम कोसळून खाली गवतासारखी खडबड सुरू झाली, की तंतू संपला किंवा तुटला. ही रेघ वाचणे हे नाडीपरीक्षेसारखे कसब आहे. कधी रेघेत भुते दिसतात, म्हणजे प्रकाश दोन कनेक्टरांत ये-जा करतो आणि जेथे काहीही नाही तेथे उंचवटा उमटतो. कधी एखाद्या सांध्यावर रेघ खाली जाण्याऐवजी वरच चढते! सांध्याने प्रकाश निर्माण केला की काय? तसे नव्हे. पलीकडचा तंतू थोडा निराळ्या जातीचा असतो आणि तो प्रकाश अधिक मागे फेकतो, म्हणून यंत्राला फायदा झालासा वाटतो. तीच तपासणी पलीकडच्या टोकाकडून केली तर तोच सांधा अवाजवी तोटा दाखवितो. एका बाजूने ०.०५ चा नफा आणि दुसऱ्या बाजूने ०.१५ चा तोटा, तर खरा तोटा दोहोंची सरासरी, ०.०५. ठेकेदाराच्या वह्याही दोन्ही बाजूंनी वाचाव्या लागतात, हे मी आमच्या पोरांना याच उदाहरणाने समजावून सांगतो.

आता त्रैराशिक मांडा. एका केबलीत ९६ तंतू. प्रत्येक तंतू दोन तरंगलांबींवर तपासावयाचा आणि दोन्ही टोकांकडून. ९६ गुणिले ४ म्हणजे ३८४ परीक्षा. एका परीक्षेला अर्धा मिनिट धरले तरी १९२ मिनिटे केवळ यंत्राची. टोक पुसणे, जोडणे, काढणे, नाव घालणे हे निराळेच. रात्री दोन वाजता अडीचशेवी परीक्षा घेणाऱ्या माणसाने २५१ वीला २५० वीचे नाव दिले, तर त्याला दोष देणारा मी नव्हे. स्वयंचलित तपासणीची गरज येथून निर्माण झाली, आणि ती खरी गरज होती हे मान्य केले पाहिजे. यंत्र आले की मजूर मेला, असा कंठशोष करणाऱ्यांपैकी मी नाही. गरम मेण ओतून भाजलेले हात मी पाहिले आहेत.

युक्ती सोपी आहे. एक्स्चेंजमध्ये एकच ओटीडीआर कायमचा बसवावा, त्याच्यापुढे एक खटका ठेवावा, आणि खटक्याने एकामागून एक तंतू त्या यंत्रापुढे आणावा. केबल नवी असताना काढलेली रेघ जपून ठेवलेली असते. संगणक आजची रेघ तिच्यावर ठेवून पाहतो आणि फरक दिसला की घंटा वाजवितो. तंतूतून संदेश चालू असतानाही तपासता यावे म्हणून निराळ्या तरंगलांबीचा, १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. तो संदेशात मिसळत नाही. २००० साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अशा व्यवस्थेसाठी शिफारसही काढली. घरोघर फायबर गेले तेव्हा आणखी एक पेच आला. एका तंतूचे ३२ फाटे फोडलेले असतात, त्यामुळे एक्स्चेंजमधून पाहिले तर बत्तीस रेघा एकमेकींवर पडतात. मग प्रत्येक घराच्या टोकाला बारीकसा आरसा बसवावयाचा, म्हणजे अंतरागणिक एकेक उंचवटा उमटतो आणि कोणते घर गळाले ते कळते. आपल्या पनवेलजवळ २०२० साली योट्टा कंपनीचे मोठे माहितीकेंद्र सुरू झाले. तशा इमारतींत एका कनेक्टरात बारा-बारा तंतू असतात. त्यांच्या टोकावरची धूळ कॅमेरा पाहतो आणि पास की नापास हे संगणक ठरवितो.

तर मग माणूस संपला काय? मागच्या एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. यंत्राने रात्री काही मिनिटांतच सांगितले: तंतू ११ किलोमीटरवर तुटला. पोरे मोटारसायकलचे मीटर पाहून बरोबर अकराव्या किलोमीटरवर गेली आणि चिखलात खणू लागली. पहाटेपर्यंत काही सापडले नाही. चूक यंत्राची नव्हती. यंत्र तंतूची लांबी मोजते, रस्त्याची नव्हे. दर सांध्यापाशी पुढच्या दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचे वेटोळे ठेवलेले असते, चेंबरमध्ये आणखी वेटोळी असतात, आणि केबलीच्या आतला तंतू मुळातच केबलीहून किंचित लांब असतो. अकरा हजार मीटर तंतू म्हणजे दहा हजार आठशे मीटर रस्ता असू शकतो. शेवटी निवृत्त झालेल्या एका जॉइंटरला फोन लावला. त्याने वही काढली आणि विचारले, “पुलाच्या अलीकडे वडापाशी चेंबर आहे, तिथे बघितलं का रे?” त्या वडापाशी आदल्या दिवशी जेसीबी चालला होता.

ही वहीवाली माणसे आता थोडी उरली आहेत. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार आणि महानगर टेलिफोन निगमचे १४ हजारांवर कर्मचारी बाहेर पडले. ३१ जानेवारी २०२० ही त्यांची शेवटची तारीख. भारत संचारमधले जवळजवळ निम्मे लोक एका दिवसात घरी गेले. त्यांच्याबरोबर वह्याही गेल्या. त्यांच्या जागी जी पोरे खड्ड्यात उतरतात ती ठेकेदाराच्या ठेकेदाराची, आणि पुष्कळांच्या हातात नेमणुकीची चिठ्ठीसुद्धा नसते.

शिवाय स्वयंचलित यंत्राने एक नवी गोष्ट आणली आहे, ती म्हणजे घड्याळ. पूर्वी तक्रार माणूस लिही, आणि लिहिताना पाऊस किती आहे तेही पाही. आता घंटा वाजली त्या क्षणापासून मिनिटे मोजली जातात. अमुक तासांत तंतू जुळला नाही तर कंपनी ठेकेदाराचे पैसे कापते आणि ठेकेदार ते पोरांच्या रोजातून वळते करतो.

असाच एक तंटा आमच्याकडे आला. बावीस-तेवीस वर्षांचा जॉइंटर. “भाऊ, सांधा खराब म्हणून चार दिवसांचा रोज कापला. पण सांधा माझा चांगला होता.” ठेकेदाराचे म्हणणे सरळ होते: यंत्र बोलले, आता तू काय बोलणार? १५५० वर त्या जागी ०.६ डेसिबल घट दिसत होती, हे खरे होते. मी त्या विषयात अडाणी होतो. रात्री बसून पुस्तके चाळली, त्या पोरालाच गुरू केले आणि एक गोष्ट समजली. सांधा वाईट असेल तर तो साऱ्या तरंगलांबींना जवळजवळ सारखाच त्रास देतो. परंतु तंतू कोठे मुडपला असेल, तर आखूड तरंगलांबी तेथून निभावून जाते आणि लांब तरंगलांबी गळते. आम्ही दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनियराकडे गेलो आणि एवढेच मागितले: त्याच जागेची १३१० ची आणि १६२५ ची रेघ दाखवा, आणि केबल ताब्यात घेतली त्या दिवशीची जपून ठेवलेली रेघही काढा.

इंजिनियर सज्जन होता. त्याने रेघा काढल्या. ताब्यात घेतल्याच्या दिवशी दोन्ही तरंगलांबींवर सांधा ०.०४ च्या आसपास. आज १३१० वर ०.०५, १५५० वर ०.६, आणि १६२५ वर एकाच्याही वर. सांधा जसाच्या तसा होता. तंतू मुडपला होता. मधल्या काळात एका नव्या इमारतीला फाटा देण्यासाठी दुसऱ्या टोळीने तोच डबा उघडला होता आणि झाकण लावताना तंतू त्याखाली चेपला गेला होता. डबा उघडून पाहिले तेव्हा तो तसाच सापडला.

रोज परत मिळाला. त्या दुसऱ्या टोळीच्या पोरांचा कापू नये म्हणून पुन्हा भांडावे लागले, कारण त्यांना अंधारात, पावसात, एका माणसाच्या जागी अर्ध्या माणसाच्या मजुरीवर कामाला लावले होते. पुढच्या मागणीपत्रात आम्ही वेतनवाढ आणि रेनकोट यांच्याखाली तिसरे कलम घातले: सांधा पुरा झाल्यावर त्याची दोन्ही टोकांची आणि दोन्ही तरंगलांबींची रेघ, तारीख व वेळेसह, जॉइंटरला द्यावी. ठेकेदाराने हसून विचारले की पोरे ती घेऊन काय करणार. वेतनवाढ अजून वाटाघाटीत अडकली आहे. तिसरे कलम मात्र त्याने फुकटचे समजून मान्य केले, आणि आता त्या पोराच्या खिशात पक्कडीबरोबर एक पेन ड्राइव्ह असतो, घरी एक वही असते. वहीत कोणत्या चेंबरला किती वेटोळी ठेवली आहेत ते तो लिहून ठेवतो. वडाच्या झाडापासून त्याने सुरुवात केली आहे.